वर्ध्याला येऊन गेलेले कॉलेजचे अध्यक्ष : बेंजामिन मेज

सीतादही

मंडळी, गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन अटलांटातल्या मोअरहाऊस या काळ्यांच्या कॉलेजच्या आवारात गेले होते. ग्रेव्हज हॉल ही तिथली जुनी विटांची इमारत. तिच्या समोर एक पुतळा आहे आणि पुतळ्यापाशीच समाधी. डॉ. बेंजामिन एलायजा मेज आणि त्यांच्या पत्नी सेडी, दोघंही तिथेच विसावलेत. पोरं पाठीला सॅक लावून शेजारून तासाला पळत होती. ज्याने कॉलेज चालवलं त्याला कॉलेजच्याच मातीत ठेवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. घरी येऊन त्यांचं आत्मचरित्र उघडलं, आणि आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही.

मेज १९४० ते १९६७ अशी २७ वर्षं मोअरहाऊसचे अध्यक्ष होते. मार्टिन ल्यूथर किंग त्यांना आपले आध्यात्मिक गुरू आणि बौद्धिक पिता म्हणायचे. बहुतेक ठिकाणी मेज यांची ओळख या एका वाक्यावर आटोपते. मला त्याच्या आधीचं सांगायचंय.

जन्म १८९४, दक्षिण कॅरोलायना, ग्रीनवुड काउंटी. आई लुव्हेनिया आणि वडील हेझेकाया, दोघंही गुलामीत जन्मलेले. आठ भावंडांत बेंजामिन शेंडेफळ. वडील दुसऱ्याची जमीन खंडाने करायचे, पीक कापसाचं. मी यवतमाळकडची. वाळल्या बोंडाचं टोक नखाच्या कडेला कसं घुसतं आणि ओटीत कापूस भरत आला की कंबर कशी धरते, हे मला कुणी सांगायला नको. त्यामुळे काळ्या मुलांची शाळा वर्षातून चारच महिने भरायची, बाकीचे दिवस पेरणीचे, खुरपणीचे, वेचणीचे, हे वाचलं आणि पान उलटवेना.

त्यांची सगळ्यात पहिली आठवण १८९८ सालची आहे. पोर चार वर्षांचं. निवडणुकीवरून त्या भागात दंगल पेटली होती आणि गोऱ्यांच्या टोळ्या काळ्या माणसांना मारत सुटल्या होत्या. घोड्यांवरून बंदूकवाले आले, वडिलांना अडवलं, शिव्या दिल्या, डोक्यावरची टोपी काढायला लावली आणि वाकायला लावलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग ते निघून गेले. मुलाने हे पाहिलं, आणि नव्वदीला टेकेपर्यंत ते डोळ्यांपुढून हललं नाही.

शिकायचं म्हटल्यावर वडिलांचं म्हणणं एकच : काळ्या माणसाला दोनच कामं शोभतात, शेती करणं नाहीतर देवाचं वचन सांगणं, आणि त्यासाठी इतकी बुकं लागत नाहीत. ऑरेंजबर्गच्या शाळेत राहायला जायचंच असा हट्ट मुलाने धरला, तेव्हा वडिलांनी रागारागात दहा डॉलरची नोट त्याच्या अंगावर भिरकावली. मुलाने ती उचलली आणि तो गेला. तिथे फीसाठी रात्री संडास साफ केले. शाळा संपली १९१६ साली, एकविसाव्या वर्षी, वर्गात पहिला येऊन.

मग वर्षभर व्हर्जिनियात, आणि तिथून थेट उत्तरेला मेन राज्यातल्या बेट्स कॉलेजात. हेतू सरळ होता : गोऱ्या मुलांच्या शेजारी बसून पाहायचं की आपण खरंच कमी आहोत का. १९२० साली सन्मानासह पदवी घेतली आणि त्या प्रश्नाचा निकाल स्वतःपुरता लावून टाकला. उन्हाळ्यात रेल्वेच्या डब्यांत हमाली, मधल्या काळात मोअरहाऊसमध्ये गणित शिकवणं, चर्चचं काम, आणि हे सगळं करत करत शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट १९३५ साली, वयाच्या चाळिशीत.

१९३६ चं वर्ष संपता संपता हा माणूस आपल्या वर्ध्याला गांधींना भेटायला आला. त्याबद्दल इथल्या जाणकारांनी लिहावं, म्हणूनही हा धागा.

पिंपळपान

सुंदर लिहिलंय. एक बाळबोध शंका. हे काळ्यांचं कॉलेज म्हणजे नक्की काय? तिथे फक्त काळ्यांनाच प्रवेश असतो का? आणि अध्यक्ष म्हणजे आपल्याकडच्या प्राचार्यांसारखे की संस्थेच्या अध्यक्षांसारखे?

सीतादही

पिंपळपान, शंका अगदी योग्य. यादवी युद्धाआधी दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. १८६५ मध्ये गुलामी गेली, पण गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं बंदच राहिली. मग चर्चेसनी, मिशन संस्थांनी आणि स्वतः मुक्त झालेल्या माणसांनी शाळा काढल्या. मोअरहाऊस १८६७ साली ऑगस्टा गावात एका बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात सुरू झालं. पुढे सहाच वर्षांनी जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ती अर्पण केली. हा एकच काळ आहे हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय.

१९६५ च्या अमेरिकन कायद्याने १९६४ पूर्वी काळ्यांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थांना वेगळा दर्जा दिला. आज अशी शंभरेक कॉलेजं आणि विद्यापीठं आहेत, प्रवेश सगळ्यांना असतो. मोअरहाऊस मुलांचं कॉलेज. अध्यक्ष म्हणजे आपले कुलगुरू आणि संस्थाचालक यांचं काम एकाच माणसाच्या गळ्यात : पैसे आणायचे, प्राध्यापक नेमायचे, विश्वस्तांना सांभाळायचं आणि पोरांना घडवायचंही.

वर्धेकर

माझं बालपण सेवाग्रामच्या रस्त्यावरचं, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम हे नाव १९४० चं. १९३६ साली तिथे पहिली झोपडी उभी राहिली, तिला आता आदि निवास म्हणतात. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू. आजही दुपारी आत गेलं की सारवलेल्या जमिनीचा गारवा तळपायाला लागतो. डिसेंबरच्या शेवटी फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन झालं, आणि त्याच सुमारास ही भेट.

दीड तास बोलणं झालं. गांधींचे सचिव महादेवभाईंनी टिपण केलं आणि ते पुढे गांधींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकात आलं. मेज यांचे प्रश्न पाहुण्याचे नव्हते. गावी जाऊन काहीतरी उभं करायचंय अशा माणसाचे ते प्रश्न होते. अहिंसा म्हणजे निष्क्रिय प्रतिकारच ना? गांधी म्हणाले, तो शब्दच चुकीचा आहे. अहिंसक प्रतिकार हिंसेपेक्षा जास्त सक्रिय असतो, तो थेट आणि अखंड चालतो, फक्त त्याचा तीन चतुर्थांश भाग दिसत नाही, एक चतुर्थांशच दिसतो. मग मेज यांनी विचारलं, एकट्या माणसाचं ठीक आहे, पण समूहाला हे कसं शिकवायचं? उत्तर : आधी स्वतः जगून दाखवावं लागतं. आणि शेवटी त्यांच्या जिवाचा प्रश्न : प्रचंड बहुसंख्येपुढे अल्पसंख्याकांनी काय करायचं? गांधी म्हणाले, अहिंसेच्या मार्गाने अल्पसंख्याक बहुसंख्याकांपेक्षा जास्त करू शकतात.

अमेरिकेत तेव्हा काळे साधारण दहात एक होते. हे वाक्य ऐकून माणूस परत कसा गेला असेल!

नागसेनवन

वर्धेकर, तुम्ही एक प्रश्न वगळलात. मुद्दाम नसेल, पण तो वगळून चालणार नाही.

मेज यांनी आत्मचरित्रात स्वतः लिहिलंय की त्यांनी गांधींना विचारलं, तुम्ही अस्पृश्यतेविरुद्ध लढता, मग जातिव्यवस्थेवरच घाव का घालत नाही? आणि गांधींनी जातीच्या बाजूने श्रमविभागणीचा, आर्थिक गरजेचा युक्तिवाद केला.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. १३ ऑक्टोबर १९३५, येवला : हिंदू म्हणून मरणार नाही. मे १९३६ : लाहोरच्या मंडळाने नाकारलेलं जातिनिर्मूलनाचं भाषण बाबासाहेब स्वतः छापतात. जुलै १९३६ : गांधी त्याला ‘हरिजन’मध्ये उत्तर देतात. आणि त्याच वर्षाच्या अखेरीला दक्षिण कॅरोलायनातला, कापसाच्या शेतातला, गुलाम आईबापांचा मुलगा वर्ध्यात बसून तोच प्रश्न विचारतो. ज्याने बापाला टोपी काढून वाकताना पाहिलंय त्याला तो प्रश्न शिकवावा लागला नाही.

मी मिलिंद कॉलेजात शिकलो. वडील गवंड्याच्या हाताखाली होते. त्यामुळे मेज यांची मोठेपणाची जागा मला या प्रश्नात दिसते. गांधींबद्दल त्यांना मनापासून आदर होता, तो शेवटपर्यंत राहिला, आणि तरी विचारायचं ते त्यांनी विचारलं.

वर्धेकर

नागसेनवन, मान्य. मी लहानपणापासून ऐकलेली गोष्ट सांगितली आणि आमच्याकडे ती गोष्ट त्या प्रश्नाशिवायच सांगतात. तुम्ही जोडलंत ते बरं झालं.

सीतादही

मलाही तुमच्या दोघांचं वाचून म्हैसूरचा प्रसंग जास्त कळला. वर्ध्यानंतर मेज म्हैसूरला वायएमसीएच्या जागतिक परिषदेला गेले, जानेवारी १९३७. तिथे अस्पृश्य मुलांच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. मेज म्हणाले, या परिषदेत इतर अमेरिकन आहेत, मीच का? तर मुख्याध्यापकांना काळा माणूसच हवा होता. आणि मुलांपुढे ओळख करून देताना त्यांनी सांगितलं, हे अमेरिकेतले अस्पृश्य आहेत आणि तरी इतके मोठे झाले आहेत.

मेज आधी गोंधळले, मनातून चिडलेही. डॉक्टरेट झालेला, हॉवर्ड विद्यापीठातल्या धर्मशास्त्र विभागाचा डीन, आणि आपल्याला अस्पृश्य म्हणतायत! पण उभ्या उभ्याच त्यांना पटलं की मुख्याध्यापक खरं बोलतायत. मायदेशी ते कुठल्या हॉटेलात शिरू शकत नव्हते, कुठल्या डब्यात बसू शकत नव्हते, हे सगळं जन्मानेच ठरलेलं होतं.

बावीस वर्षांनी किंग केरळात गेले. तिथल्या शाळेत आपलीही अशीच ओळख करून दिल्याचं त्यांनी १९६५ च्या एका प्रवचनात सांगितलं. गुरू आणि शिष्य दोघांच्या तोंडी भारताची हीच एक गोष्ट यावी!

जुना_मास्तर

मी तालुक्याच्या गावी ११ वर्षं प्राचार्य होतो. मला धाग्यात सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ती रोजच्या कारभाराची. पैसा कुठून यायचा? पोरं फी भरायची का? थोरांच्या चरित्रात हा भाग कुणी लिहीत नाही.

सीतादही

सर, तुमच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहिते.

१९४० च्या उन्हाळ्यात मेज आले तेव्हा महामंदीने कॉलेज पार खिळखिळं केलं होतं. पोरांच्या फ्या थकलेल्या. मेज यांनी पहिलं काम वसुलीचं हाती घेतलं. गरीब पोरगा आणि थकलेली फी, दोन्ही काय असतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत! तरी ते ठाम होते, भरायचे म्हणजे भरायचे, काम करून भरा, हप्त्याने भरा. पोरांनी त्यांना ‘बक बेनी’ म्हणायला सुरुवात केली. बक म्हणजे डॉलर, आणि त्या नावाचा एक सिनेमा तेव्हा चालू होता. हे नाव त्यांनी स्वतः पुस्तकात सांगितलंय.

मग युद्ध. सैन्यात भरती झाली आणि वर्ग ओस पडले. मुलांचंच कॉलेज, तेव्हा फटका जास्त. यातून वाट काढताना मोअरहाऊसने शाळा पूर्ण न झालेल्या पण परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मुलांना घ्यायला सुरुवात केली. १९४४ च्या सप्टेंबरात त्यातलाच एक १५ वर्षांचा मुलगा आला : मार्टिन ल्यूथर किंग. म्हणजे त्याचं तिथे येणंसुद्धा एका अध्यक्षाने पटसंख्येची काळजी वाहिली म्हणून झालं.

त्याच वर्षी टस्कीगी या काळ्यांच्याच कॉलेजचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांच्या पुढाकाराने काळ्यांच्या २७ कॉलेजांनी एकत्र निधी गोळा करायचं ठरवलं. प्रत्येकाने वेगवेगळं दारोदार फिरण्यापेक्षा एकच झोळी. मेज त्यात सुरुवातीपासून होते.

जुना_मास्तर

सीतादही, मनापासून आभार. माझ्या काळात एका मुलाची परीक्षा फी मी वेळेत भरवून घेऊ शकलो नाही, त्याचं वर्ष गेलं आणि तो परत आलाच नाही. संस्थेचा नियम होता, पण सही माझी होती. आज २० वर्षं झाली. ‘काम करून भर, हप्त्याने भर, पण शीक’ असं म्हणायला वरच्या माणसात जी धमक लागते ती या माणसात होती.

कृष्णाकाठ

सीतादही, साताऱ्याला या एकदा. कर्मवीर अण्णांची समाधी त्यांच्या संस्थेच्या परिसरातच आहे. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं ती जमीन आहे ती. ‘कमवा आणि शिका’ आम्ही अंगावर काढलंय, सकाळी पाटीभर माती आणि मग वर्ग. रात्री संडास साफ करून फी भरणाऱ्या पोराची गोष्ट वाचून मला आमचं वसतिगृह आठवलं.

ओवी_फिली

मी फिलाडेल्फियात राहते म्हणून एक धागा जोडते. किंगना गांधींची ओढ लावणारे आणखी एक अध्यक्ष होते, हॉवर्ड विद्यापीठाचे डॉ. मॉर्डेकाय जॉन्सन. ते स्वतः मोअरहाऊसचे विद्यार्थी. १९२६ मध्ये हॉवर्डचे पहिले काळे अध्यक्ष झाले आणि १९६० पर्यंत राहिले. मेजना १९३४ साली हॉवर्डला आणलं त्यांनीच. १९४९ मध्ये ते भारतात जाऊन आले. परतल्यावर इथल्या फेलोशिप हाऊसमध्ये ते गांधींवर बोलले, आणि जवळच धर्मशास्त्र शिकणारा किंग ते ऐकायला गेला होता. बाहेर पडल्यावर त्याने गांधींवरची पाच-सहा पुस्तकं विकत घेतली.

हॉवर्डच्या लॉ स्कूलमधून त्यांच्याच कारकिर्दीत थरगुड मार्शल बाहेर पडले. शाळांमधला वर्णभेद १९५४ साली सर्वोच्च न्यायालयात हरवला तो याच वकिलाने.

पिंपळपान

मेज आणि किंग यांचं नातं प्रत्यक्ष कसं होतं? वर्गात शिकवायचे का ते?

सीतादही

वर्गात नाही, चॅपलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनागृहात. सेल हॉल नावाच्या इमारतीत चॅपल होतं आणि दर मंगळवारी सकाळी अध्यक्ष तिथे बोलायचे. सगळ्या मुलांना हजेरी सक्तीची. उंच, शिडशिडीत, पांढऱ्या केसांचा माणूस उभा राहायचा आणि सांगायचा की शरीराला वेगळ्या डब्यात बसवता येतं, मनाला बसवता येत नाही. जिथे टाळता येईल तिथे आपण होऊन अपमान विकत घेऊ नका. किंग टिपणं काढायचा आणि नंतर मागोमाग ऑफिसात जायचा, मुद्दे काढायला, कधी वाद घालायला. अध्यक्षांच्या खोलीत १६ वर्षांच्या पोराने शिरून ‘हे मला पटलं नाही’ म्हणायचं आणि अध्यक्षांनी खुर्ची द्यायची!

या नात्याचा खरा कस लागला फेब्रुवारी १९५६ मध्ये. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध किंगच्या नेतृत्वाखाली चाललेल्या माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावरून खटले भरले गेले होते आणि किंग अटलांटात वडिलांकडे होते. वडिलांनी गावातली मोठी माणसं घरी बोलावली : मुलगा परत गेला तर मारतील त्याला, तुम्ही समजवा. बहुतेकांनी मान डोलावली. किंग म्हणाले, लोकांना सोडून इथे बसण्यापेक्षा दहा वर्षं तुरुंगात जाईन. हे ऐकून वडील रडू लागले. खोलीत कुणी बोलेना. किंगनी मेज सरांकडे पाहिलं. आणि मेज बोलले, मुलाच्या बाजूने, ठामपणे. मग हळूहळू बाकीचेही वळले. दुसऱ्या दिवशी वडील स्वतः मुलाबरोबर माँटगोमेरीला गेले.

नागसेनवन

बापाच्या घरात, बापाच्या मित्रमंडळींत बसून ‘जाऊ द्या त्याला’ म्हणणं सोपं नाही. काही झालं असतं तर तो बाप जन्मभर मेजना माफ करू शकला नसता.

आणि अखेर झालंच ना.

सीतादही

हो. दोघांमध्ये ठरलेलं होतं की जो मागे राहील त्याने दुसऱ्यासाठी बोलायचं. ३५ वर्षांचं अंतर, त्यामुळे बोलायचं कुणी हे दोघांनीही गृहीतच धरलं असणार. ९ एप्रिल १९६८ ला खेचरांच्या गाडीवरून शव एबेनेझर चर्चपासून मोअरहाऊसपर्यंत आलं, मागे अफाट माणसं चालत होती. त्या हिरवळीवर ७३ वर्षांचे मेज उभे राहिले आणि म्हणाले, हे मला सांगणं म्हणजे स्वतःच्या गेलेल्या मुलाबद्दल बोलायला सांगण्यासारखं आहे.

त्याच्या पाच वर्षं आधी, १९६३ मध्ये, वॉशिंग्टनच्या मोर्चाला, ज्या दिवशी किंगनी ते स्वप्नाचं भाषण केलं, त्या सभेची शेवटची प्रार्थना याच माणसाने म्हटली होती.

मोगरा

सेडीबाईंबद्दल काही? समाधीत नाव आहे म्हणालात.

सीतादही

मोगरा, बरं विचारलंत. पहिली पत्नी एलन १९२३ मध्येच गेली. सेडी ग्रे यांच्याशी लग्न १९२६ सालचं. त्या शिकागोला शिकलेल्या समाजकार्यकर्त्या, अटलांटातल्या वृद्धांच्या शुश्रूषेसाठी खूप राबल्या, तिथल्या एका शुश्रूषागृहाला त्यांचं नाव आहे. १९६९ मध्ये गेल्या. मेज त्याच वर्षी अटलांटाच्या शिक्षण मंडळावर निवडून आले आणि पुढे त्याचे पहिले काळे अध्यक्ष होऊन १९८१ पर्यंत काम करत राहिले, म्हणजे वयाची ८६ वर्षं उलटेपर्यंत. पोरांच्या शाळांपासून ते सुटलेच नाहीत. १९८४ च्या मार्चमध्ये गेले.

कृष्णाकाठ

ते गाव, जिथे वडिलांना वाकायला लावलं, तिथे आता काय आहे?

सीतादही

जन्मघर लाकडी आहे, छोटंसं. ते मूळ जागेवरून उचलून ग्रीनवुड शहरात आणलंय आणि तिथे संग्रहालय केलंय. त्याच राज्याच्या विधान भवनात १९८० साली मेज यांचं चित्र लावलं, ते हयात असताना. अटलांटाहून ग्रीनवुड गाडीने काही तासांवर आहे. ऑक्टोबरात जायचं ठरवलंय, तेव्हा त्या भागात बोंडं फुटलेली असतील. वर्धेकर, आदि निवासाचा एक चांगला फोटो पाठवाल का? तिथल्या लोकांना दाखवीन.

वर्धेकर

रविवारी जातो. सकाळच्या उन्हात काढतो, तेव्हा भिंत चांगली दिसते.